करा, ओके!

आमच्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये गुणगुणू नये. तशी पाटी कुठे लावलेली नाही, पण हा नियम मी स्वतःच्या अब्रूची किंमत मोजून शिकलोय.

झालं असं, की गणपती उठल्यानंतरच्या एका सकाळी मी पाचव्या मजल्यावरून खाली येत होतो आणि एक जुनं भावगीत गुणगुणत होतो. गुणगुणत म्हणजे ओठ बंद, फक्त नाकातून. तिसऱ्या मजल्यावर सेक्रेटरी आत शिरले. मी लगेच नाक आवरलं, पण उशीर झाला होता.

"अरे वा! गाता तुम्ही?"

"छे हो, सर्दी झालीय."

"कोजागिरीला गच्चीवर कराओके ठेवलंय. नाव घालतो तुमचं."

मी 'अहो पण' म्हणेपर्यंत तळमजला आला आणि सेक्रेटरी पाण्याच्या टँकरवाल्याशी भांडायला निघूनही गेले. संध्याकाळी ग्रुपवर यादी आली. तेवीस नावं. माझं एकविसावं, आणि पुढे कंसात 'खास आकर्षण'.

डोंबिवलीत असल्या गोष्टीला नाही म्हणता येत नाही. गुढीपाडव्याची स्वागतयात्रा आमच्या गणेश मंदिरानं १९९९ साली सुरू केली आणि मग ती गावोगाव गेली. दिवाळीच्या पहाटे फडके रोडवर मुंगीला शिरायला जागा नसते. २०१७ साली नव्वदावं साहित्य संमेलन इथे भरलं, तेव्हा आमच्या एका विंगमधून चार स्वयंसेवक गेले होते. (त्यातले तिघे भोजनकक्षात होते, पण संमेलनच ते.) सांस्कृतिक नगरी हे बिरूद एकदा चिकटलं की ते पेलायला माणसं लागतात, आणि ती माणसं म्हणजे पावणेसातला घर सोडून रात्री साडेआठला परतणारे आम्हीच.

कराओके म्हणजे नुसत्या साथीचा तयार ट्रॅक लावायचा आणि त्यावर आपण गायचं. त्याचं खातं 'तीनशे दोन'कडे आहे. आमच्याकडे माणसं नंबरानंच ओळखली जातात. तीनशे दोननी निवृत्तीनंतर दोन वस्तू घेतल्या, गुडघ्याचा पट्टा आणि चाकांचा स्पीकर. पैकी पट्टा ते क्वचितच लावतात.

"तुमचं स्केल काय?" त्यांनी विचारलं.

"बेचाळीस," मी म्हटलं. मला वाटलं, सगळ्यांना सारखे कुर्ते शिवतायत.

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं, तसं डॉक्टर रिपोर्टवरून बघतात. स्केल म्हणजे गळ्याची पट्टी, पेटीच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांवरून मोजतात ती. मग 'आ' करायला लावलं. मी आ केला. ते म्हणाले, "ट्रॅक काळी तीनमध्ये आहे. तुम्ही काळी एकच्याही खाली. उतरवायला लागेल." आणि त्यांनी मोबाइलवर दोन-चार बटणं दाबून ते गाणं खाली उतरवलं. मूळ ट्रॅकमधली बासरी आता शंखासारखी वाजू लागली आणि पेटीला जुनाट पडसं झालं. पण गाणं माझ्या मापाचं झालं होतं म्हणे.

दुसरा घोटाळा शब्दांचा. पडद्यावर मराठी गाण्याचे शब्द येतात ते इंग्रजी लिपीत. त्या लिपीला ल आणि ळ सारखेच, न आणि ण सख्खे भाऊ आणि काना ही चैनीची वस्तू. माझं 'मन' दर ओळीला 'मान' होऊन आखडत होतं.

पण खरा छळ वेगळाच. ट्रॅक थांबत नाही. आयुष्यात मी गायलोय ते शाळेच्या गॅदरिंगमध्ये आणि मामाच्या लग्नात, आणि दोन्हीकडे पेटीवर कुणीतरी जिवंत माणूस होता. मी घसरलो की तो घसरायचा, मी शब्द विसरलो की तो उगाच दोन सूर जास्त वाजवून मला वेळ काढून द्यायचा. सांभाळून घेणं म्हणतात ते हेच. ट्रॅक सांभाळून घेत नाही. तो आमच्या सकाळच्या फास्ट लोकलसारखा आहे. तुम्ही जिन्यावर असलात तरी त्याची वेळ झाली की तो निघाला. मुखडा चुकला की पुढची गाडी थेट अंतऱ्याला.

घरी सराव सुरू केला. दोन दिवसांनी लेक येऊन अगदी समजुतीच्या सुरात म्हणाली, "बाबा, ट्रॅक खूप छान आहे. कोजागिरीला तो एकटाच लावा ना." बायको काही बोलली नाही, फक्त मी माइक म्हणून हातात धरलेलं लाटणं काढून घेतलं आणि पोळ्या लाटायला लागली.

निदान शिव्या कुणाला घालायच्या ते कळावं म्हणून मी एका रात्री मोबाइलवर शोध घेतला. जपानीत 'कारा' म्हणजे रिकामा, आणि 'ओके' हा ऑर्केस्ट्राचा तोडलेला तुकडा. आपल्याकडे अर्थ त्याहून सोपा आहे. सेक्रेटरी म्हणतात 'करा', आपण म्हणतो 'ओके'. कोबे शहरातल्या दाइसुके इनोउए नावाच्या वादकानं १९७१ साली हे यंत्र बनवलं. तो बारमध्ये गिऱ्हाइकांच्या गाण्याला साथ करायचा. एका कंपनीच्या साहेबाला सहलीला जायचं होतं आणि तिथे गायचंही होतं. इनोउएला जाता येईना, म्हणून त्यानं साहेबाच्या गळ्याला झेपेल अशी साथ वाजवून टेप करून दिली. आणि त्यातून हे सगळं निघालं. म्हणजे बघा, पहिली टेप एका माणसाच्या मापानं शिवलेली होती! मग आमच्या नशिबीच हे रेडीमेड का? इनोउएनं पेटंटही घेतलं नाही. २००४ साली त्याला इग नोबेल मिळालं, विनोदी संशोधनाला देतात ते, आणि तेही शांततेचं. कारण दिलं होतं की यामुळे माणसांना एकमेकांना सहन करायला शिकण्याचा नवा मार्ग मिळाला. परीक्षक आमच्या गच्चीवर येऊन गेले असणार.

कोजागिरीच्या आदल्या आठवड्यात मी गाडीत भजनी मंडळाच्या डब्यात चढलो. एरवी मी तिकडे जात नाही, झोप मोडते. चार टाळ, एक ढोलकी आणि उरलेला ठेका डब्याच्या पत्र्यावर. ठाणे गेल्यावर एक अभंग संपला तेव्हा मी धीर करून बुवांना अडचण सांगितली. ते हसले. "साहेब, तुम्ही सूर सोडा. आम्ही धरतो."

मी सोडला. कुठे सोडला ते मलाही माहीत नव्हतं, पण बुवांनी तो हवेतल्या हवेत झेलला. मी पुढे धावलो की ढोलकी पुढे, मी अडखळलो की टाळ थबकायचे. मागून सहा गळ्यांनी झील धरली. घाटकोपरला मी अंतरा विसरलो, तर त्यांनी मुखडाच तीनदा घोळवला, तोवर मला कुर्ला आणि अंतरा दोन्ही आठवले. दादरला उतरणाऱ्या एकानं पाठीवर थाप मारली. त्या दिवशी ऑफिसात मी तीन जणांना विनाकारण 'बोला बुवा' म्हटलं.

आणि कोजागिरी उजाडली. म्हणजे मावळली. गच्चीवर बारा लिटर दूध शेगडीवर, त्यात केशर, चारोळी, जायफळ. चंद्र समोरच्या नव्या टॉवरमागे अडकलेला. सेक्रेटरींचं प्रास्ताविक सतरा मिनिटं चाललं, त्यात लिफ्टच्या देखभालीचे पैसे कुणाचे राहिलेत तेही आलं. 'को जागर्ति', कोण जागं आहे, असं विचारत लक्ष्मी फिरते म्हणतात. आमच्या चौकात ती आली असती तर तिला विचारावं लागलं नसतं.

चौथ्या नंबरला चारशे सातनी युगुलगीत म्हटलं. त्यात बाईचा आवाज ट्रॅकमध्येच असतो, पुरुषानं फक्त आपल्या ओळी म्हणायच्या. ते त्या अदृश्य बाईकडे बघून इतके तल्लीन झाले, की पहिल्या रांगेतल्या त्यांच्या सौभाग्यवतींकडे सगळ्यांनी वळून बघितलं. वहिनी शांतपणे म्हणाल्या, "ती त्यांच्या ओळीला गप्प बसते ना, म्हणून जमतंय." नंतर नऊ, बारा आणि पंधरा या तिघांनी एकच गाणं म्हटलं. तिघांनाही कंसात 'वन्स मोअर' म्हणणारे आपापले नातेवाईक होते.

माझा नंबर लागला तेव्हा नऊ बावन्न झाले होते. ही वेळ महत्त्वाची. रात्री दहाला ध्वनिक्षेपक बंद, हा २००० सालचा नियम आहे, आणि आमचे सेक्रेटरी नियमाच्या बाबतीत घड्याळाच्याही पुढे असतात.

ट्रॅक सुरू झाला. पडसं झालेली पेटी, शंखबासरी. पडद्यावर चार ठिपके आले, तीन, दोन, एक, आणि मी खाकरलो. तेवढ्यात गाडी सुटली. मी मागून धावत सुटलो. पहिली ओळ फलाटावरच राहिली, दुसरीचा दांडा हाताला लागला, तिसरीला मी दारात लोंबकळत होतो. लोकांच्या चेहऱ्यांकडे बघवेना, म्हणून डोळे मिटून घेतले आणि मनात म्हटलं, बुवा, धरा.

आणि काय सांगू, दुसऱ्या अंतऱ्यात जमलं! मी थांबलो तर साथ थांबत होती. ठेका कुठूनसा किणकिणत येत होता, मी लांबवलं की तोही लांबत होता. ट्रॅक अखेर माणसात आला म्हणून मला गहिवरून आलं. एक तान घेतली. आयुष्यातली पहिली. ती परत येईना, म्हणून डोळे उघडले.

स्पीकर केव्हाच बंद होता. तीनशे दोन वायर गुंडाळत होते. लोक दुधाच्या रांगेत उभे होते. तळमजल्यावरच्या आजी तेवढ्या खुर्चीत बसून चमच्यानं स्टीलच्या पेल्यावर ठेका धरून होत्या.

"थांबलास का रे?" त्या म्हणाल्या. "म्हण की. दूध निवलंय माझं, आता काय घाई?"

मी मुखडा परत घेतला. टॉवरमागून चंद्र निघाला तो नेमका तेव्हा, पण त्याचं श्रेय मी घेत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी लिफ्टशेजारच्या फळ्यावर सूचना लागली होती. 'सर्व सभासदांना कळविण्यात येते की रात्री १० नंतर गच्चीवर ध्वनिक्षेपक वापरू नये. विनामाइक गायनासही हा नियम लागू राहील.' सही, शिक्का.

त्याखाली कुणीतरी बॉलपेननं बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'कोणत्या स्केलमध्ये?'

अक्षर तीनशे दोनचं होतं.