पाठीवरचे डाग

आमच्या घरच्या ग्रुपवर परवा वाद झाला. दुर्मिळ आजाराच्या एकेका रुग्णावर सरकारनं 50 लाखांपर्यंत खर्च करावा का? काकांचं म्हणणं, तेवढ्यात तालुक्याचा दवाखाना सुधारेल. आतेबहीण म्हणाली, ज्याचं जळतं त्यालाच कळतं. इकडे इंग्लंडमध्ये, लीड्सला, लेकीला रात्रीचं औषध पाजून मी ते वाचलं.

लेकीला ट्यूबरस स्क्लेरोसिस आहे. साधारण सहा हजारांत एका बाळाला होणारा हा जनुकीय आजार. मेंदू, हृदय, मूत्रपिंडात गाठी होतात, पण पुष्कळदा त्या कळायच्या आधीच कातडीवर पानासारखे फिकट डाग दिसतात. ती चार महिन्यांची असताना आईनं ते व्हिडिओ कॉलवर पाहिले. आवाज खाली आणून म्हणाली, "कोड नाही ना गं? कुणाला दाखवू नकोस." मावशीनं गरोदरपणातल्या ग्रहणाचा विषय काढला. आणि मी शिकलेली बाई, पावडर लावत राहिले.

लसीच्या वेळी इथल्या नर्सनं विचारलं, डाग कधीपासून आहेत? मग डॉक्टरांनी खोलीत अंधार करून जांभळट दिवा धरला. पाठ आणि मांड्या मिळून सात डाग खडूसारखे उजळले. गोऱ्या बाळांचे डाग नुसत्या डोळ्यांना सहज दिसत नाहीत, म्हणून तो दिवा लागतो. आपल्या सावळ्या अंगावर ते दिवसाउजेडी दिसतात! आणि आपणच ते झाकतो.

पुढचा प्रश्न होता, झोपेतून उठल्यावर बाळ लागोपाठ दचकतं का? दचकायची. मान झुकायची, दोन्ही हात वर जायचे, पुन्हा तेच. आम्ही दृष्ट काढत होतो. ते फिटचे झटके होते. त्यात गेलेला प्रत्येक आठवडा बाळाच्या वाढीला भोवतो. व्हिगाबॅट्रिन हे झटक्यांवरचं औषध त्याच आठवड्यात सुरू झालं. इथं सगळं सुरळीत आहे असं नाही, मेंदूच्या डॉक्टरांची पुढची तारीख मिळायला महिने लागतात. पण डाग बघणारं कुणीतरी वेळेवर भेटलं.

काका, 50 लाख द्यायलाच हवेत, यावर मी मागे हटणार नाही. पण आपल्याकडे आशाताई पहिल्या 42 दिवसांत सहा वेळा बाळाच्या घरी येते. वजन करते, नाळ बघते. तेव्हाच दुपटं सोडून पाठ आणि पायही बघायला तिला शिकवा. एखादा पांढरा डाग निरोगी बाळालाही असतो, तीन किंवा जास्त दिसले तर डॉक्टरकडे पाठवायचं. तुमच्या तालुक्याच्या दवाखान्यात तो जांभळट दिवा ठेवा, फार महाग नसतो. आणि आई, पुढच्या कॉलला मी तिला पावडर न लावता बसवणार आहे. मावशीलाही बोलव.