माकडं खरंच वाढलीत का? आधी मोजूया

कोकणात कुठल्याही गावात माकडांचा विषय काढा, लोक हातातलं काम टाकून बोलायला लागतात. आणि त्यांचं काही खोटं नाही. केळी, पपई, कोवळे नारळ, भुईमूग, परसातला दुधीसुद्धा हाती लागत नाही. कित्येकांनी भाजीपाला करणंच सोडलं. त्यामुळे "पकडा आणि लांब नेऊन सोडा" ही मागणी मला कळते. पण माकडं बेसुमार वाढलीत हे मोजलं कोणी, हे मी विचारत राहणार.

हिमाचलचं बघा. तिथे 2007 पासून माकडांची नसबंदी चालू आहे. सरकारी गणनेत 2004 साली तीन लाखांवर असलेली माकडं 2015 मध्ये दोन लाखांच्या आसपास आली. तरी तक्रारी थांबल्या नाहीत, आणि 2016 साली शिमल्यात माकडाला उपद्रवी प्राणी ठरवावं लागलं. संख्या घटली तरी त्रास राहू शकतो, तो कुठल्या टोळीला कुठे काय खायला मिळतं त्यावर ठरतो.

आपल्या जवळचं उदाहरण म्हैसूरकडचं. तिथे रस्त्यांलगतच्या बॉनेट मकाकांची, म्हणजे डोक्यावर मधोमध भांग पाडल्यासारखे केस असणाऱ्या लांब शेपटीच्या माकडांची, संख्या 25 वर्षांत 65 टक्क्यांहून जास्त घटल्याचं 2017 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. हे माकड फक्त भारताच्या द्वीपकल्पात आढळतं. जिथेतिथे दिसतं म्हणून त्याची काळजी कोणी केली नव्हती. रस्ते रुंद करताना वड-पिंपळ गेले, त्रासाच्या तक्रारी आल्या की टोळ्या उचलून नेल्या. आपल्या मुंबई-गोवा हायवेवरचे जुने वड आठवा.

मोजणं सोपं नाही, हे मान्य. जंगलात सरळ रेषा आखून सकाळी तिच्यावरून हळू चालायचं, टोळी दिसली की रेषेपासूनचं अंतर लिहायचं, आणि त्यावरून नजरेतून सुटलेल्यांचा अंदाज काढायचा, अशी रूढ पद्धत आहे. पण त्यासाठी प्राणी आपल्याला बघून हलायच्या आत आपल्याला दिसायला हवा. जिथे अर्धं रान तोडून काजू लावलाय, फटाके आणि गलोलीनं माकडं हाकलतात, तिथे टोळी चाहूल लागताच गुपचूप पसार होते. हललेली फांदी दिसते, फार तर एखादी शेपटी. उलट घाटातल्या वळणावर गाड्या थांबवून लोक वेफर्स टाकतात, तिथे तीच जात माणूस दिसला की धावत येते. पहिल्या जागी आकडा कमी येणार, दुसऱ्या जागी जास्त. घाटातला आकडा धरून अख्ख्या तालुक्याचा हिशेब मांडणं म्हणजे शुद्ध फसवणूक आहे.

गावांनी दिलेल्या आकड्यांतही गोंधळ होतो. एकच टोळी सकाळी वरच्या वाडीत, दुपारी देवळापाशी, तिन्हीसांजेला खालच्या वाडीत. कागदावर तीन टोळ्या!

टोळी नीट मोजायची तर ती रस्ता ओलांडताना मोजावी. आधी एक दांडगा नर कठड्यावर बसून दोन्ही बाजू बघून घेतो. मग माद्या जातात, पोटाला चिकटलेली पिल्लं घेऊन, आणि ही पिल्लंच हमखास मोजायची राहतात. मागून मस्ती करत अर्धवट वाढलेली पोरं. सगळे गेले म्हणून वही मिटावी, तर झुडपातून आणखी दोघं निघतात.

आणि मोजायचं कोणाला? काळतोंडं वानर वेगळं, बॉनेट वेगळं, आखूड शेपटीचं ऱ्हिसस वेगळं. ऱ्हिसस उत्तरेकडून दक्षिणेला सरकत बॉनेटची जागा घेतंय. पकडलेली ऱ्हिसस माकडं बॉनेटच्या रानात नेऊन सोडली, तर आपणच त्या सरकण्याला हातभार लावू. सगळ्यांना एकाच रकान्यात 'माकड' लिहिलं की यातलं काहीच दिसणार नाही.

माझं म्हणणं एवढंच, की तालुक्यातल्या सगळ्या गावांत एकाच दिवशी, पहाटे टोळ्या झोपायच्या झाडांवरून उतरायच्या आत मोजणी व्हावी. ती झाडं वाडीतल्या गुराख्यांना ठाऊक असतात, त्यांना वन खात्यानं मानधन देऊन सोबत घ्यावं. ग्रामसभेत ठराव करताना पकडण्याच्या मागणीच्या आधी ही मागणी लिहा आणि तिन्ही जातींना वेगळे रकाने ठेवायला सांगा. नुकसानभरपाई मात्र मोजणी होईपर्यंत अडवू नका, ती आत्ताच द्या.