"भावनेत येऊ नको" म्हणे

आज डोकं फिरलंय, त्यामुळे पोस्ट लांबणारे. वेळ नसेल त्यांनी खुशाल पुढं स्क्रोल करा.

आज एमएच्या वर्गात अमेरिकन लिटरेचरचा माझा सेमिनार होता. मार्क ट्वेनच्या 'हकलबरी फिन' कादंबरीचा एकतिसावा चॅप्टर. ज्यांनी वाचलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: हक म्हणजे तेरा-चौदा वर्षांचं पोरगं, आणि त्याच्यासोबत तराफ्यावरनं मिसिसिपी नदीतून पळालेला जिम हा मिस वॉटसनचा गुलाम. एका भामट्यानं जिमला परस्पर चाळीस डॉलरला विकून टाकलंय. हक बसतो आणि मिस वॉटसनला चिठ्ठी लिहितो, तुमचा जिम इथं इथं आहे, बक्षीस पाठवा म्हणजे तो परत मिळेल. लिहून झाल्यावर त्याला एकदम हलकं वाटतं, सगळं पाप धुऊन निघाल्यासारखं. आणि मग त्याला एकेक आठवायला लागतं, की रात्री पहाऱ्याची आपली पाळी आली तरी जिम उठवायचा नाही, स्वतःच जागायचा, झोपू दे पोराला म्हणून. तो चिठ्ठी फाडतो. म्हणतो, ठीके, नरकात तर नरकात.

मी इथं थांबले तर एक जण (हुशार आहे, नाही म्हणत नाही, स्पर्धा परीक्षेचं चाललंय त्याचं, लॉजिकल रिझनिंगचा क्लास लावलाय) हात वर करून म्हणतो, "पण यात आर्ग्युमेंट कुठंय? हे अपील टू इमोशन झालं. फॅलसी आहे ही." (म्हणजे पुराव्याऐवजी भावनेला हात घालून पटवणं, तर्कातली चूक.) आणि अर्धा वर्ग माना डोलावतोय! मॅडम "इंटरेस्टिंग पॉइंट" म्हणून पुढच्या रोल नंबरवर गेल्या.

मला त्या क्षणाला माझी आत्या दिसली.

काही वर्षांपूर्वी आमच्याकडं हक्कसोडपत्र झालं. मी शाळेत होते, सुट्टी होती म्हणून सोबत नेलेलं. आदल्या रात्री ओसरीवर बैठक. मोठे काका बोलत होते, बाकी सगळे ऐकत होते. आत्या एवढंच म्हणाली, "आई अंथरुणाला खिळली तेव्हा तिचं सगळं मी केलं दादा, या रानात लग्नाआधी मीच खुरपलंय." त्यावर काका म्हणाले, "तू भावनेत येऊ नको, व्यवहाराचं बोल." आणि व्यवहार काय, तर "तुला भाऊ पाहिजे का जमीन?"

थांबा जरा. यात भावनेचं कोण बोलत होतं?

काकांचं लॉजिक पेपरवर मांडून बघा, फुल मार्क मिळतील. चांगली बहीण हिस्सा मागत नाही, तू चांगली बहीण आहेस, म्हणून सही कर. एकदम व्हॅलिड. हकच्या डोक्यात जे भरवलेलं असतं तेही तितकंच व्हॅलिड: दुसऱ्याची मालमत्ता लपवणं पाप, जिम ही मालमत्ता, म्हणून कळव नाहीतर नरकात जाशील. एकातून दुसरं बरोब्बर निघतं. पण व्हॅलिड (निष्कर्ष नीट निघतो) आणि साउंड (शिवाय ज्यावरनं निघतो तेही खरं असतं) यातला फरक आपल्याला पहिल्याच युनिटला शिकवलेला असतो ना? प्रिमाइसच, म्हणजे ज्यावर सगळं उभं आहे ते गृहीतच, सडलेलं असेल तर काय करायचं? आणि ते प्रिमाइस आलं कुठून, कुणाच्या सोयीचं आहे, हे रिझनिंगच्या क्लासमध्ये कोण विचारतं? तिथं चार ऑप्शन, एक टिक, पुढचा प्रश्न.

माझं म्हणणं इतकंच आहे की जिमनं रात्र जागून काढली ही आठवण म्हणजे "इमोशन" नाही, तो पुरावा आहे. मालमत्ता कुणाच्या वाटचा पहारा देत नाही. मालमत्तेला पोराची दया येत नाही. हकला हे शब्दांत मांडता येत नाही, त्याला बिचाऱ्याला शेवटपर्यंत वाटतंय की आपणच पापी, पण पुरावा त्याच्या हातात आहे आणि तो पुराव्यानं चालतो. आत्याचं खुरपणं पण पुरावाच होता. फक्त ओसरीवर बसलेल्या कुणाला तो पुरावा म्हणून ऐकायचा नव्हता.

हो, मान्य, भावनेला हात घालूनच लोकांना सर्वात जास्त गंडवलं जातं, रोज टीव्हीवर बघतोय. आणि हो, त्या कादंबरीचे शेवटचे चॅप्टर म्हणजे हकचा दोस्त टॉम सॉयर याचा पोरखेळ आहे, जिमला तिथं नुसतं बाहुलं करून ठेवलंय, तेही मान्य. पुढं.

फ्रेडरिक डग्लस वाचा. स्वतः गुलामीतून पळालेला माणूस. ५ जुलै १८५२ ला अमेरिकेतल्या रोचेस्टरमध्ये भाषण करतो आणि म्हणतो, गुलाम हा माणूस आहे हे मी सिद्ध करत बसू? ते तर तुम्ही आधीच मान्य केलंय! व्हर्जिनिया राज्यात काळ्या माणसाला फाशी होईल असे बहात्तर गुन्हे, त्यातले गोऱ्याला फाशी होईल असे दोनच. जनावराला कुणी शिक्षेचे कायदे करतं का? त्याला लिहा-वाचायला शिकवू नका असा कायदा जनावरासाठी लागतो का? वाद घालणार नाही म्हणता म्हणता समोरच्याच्याच कायद्यातून त्याला उघडं पाडतो. आणि मग सांगतो की आत्ता आर्ग्युमेंटची नाही, भाजून काढणाऱ्या उपरोधाची गरज आहे. हे काय आहे मग? लॉजिक का इमोशन? एकाच श्वासात दोन्ही, आणि म्हणूनच ते इतकं जबरदस्त आहे.

(आपल्या जोतीरावांनी १८७३ ला 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या गुलामी मोडणाऱ्या लोकांना अर्पण केलं. तेव्हा हे सगळं तिकडचं, परकं, असं कृपया मला सांगू नका.)

राग त्या मुलावर नाहीये खरं तर. आता लिहिता लिहिता जरा शांत झालीये. तो जे बोलला ते आपण सगळेच करतो, कमेंटमध्ये स्ट्रॉमॅन (समोरच्याचं म्हणणं वाकवून खोडणं), अॅड होमिनेम (मुद्दा सोडून माणसावर घसरणं) असं फॅलसीचं नाव फेकायचं आणि समोरचा बोलायचा बंद. त्याचं खरं-खोटं तपासायची गरजच नाही. गाईडमध्ये पण त्या चॅप्टरखाली एकच ओळ आहे, हकचा मॉरल ग्रोथ, पाच मार्क. संपलं.

आत्याचं शेवटी काय झालं ते सांगते. निबंधक कार्यालयात अंगठा मशीनवर उमटेना. कामानं बोटं इतकी भेगाळलेली की रेघाच येत नव्हत्या. ऑपरेटर म्हणाला पुसा, परत ठेवा. ती पदराला पुसायची, परत ठेवायची. मला सारखं वाटत होतं, नको उमटू दे, नको उमटू दे. उमटला. मग काकांनी सगळ्यांना चहा-भजी दिली, आत्याला साडीचोळी. एवढा "व्यवहार".

तिच्यापुढं चिठ्ठी फाडायचा ऑप्शन होता का? माहेर तुटण्याचा नरक कुणी आनंदानं निवडत नाही, आणि हकला तर माहेरच नव्हतं. तिला मी दोष देत नाही, कुणी देऊ पण नका.

डग्लसवरचा पुढचा सेमिनार मी मागून घेतलाय. ज्याला हात वर करायचाय त्यानं करावा, पण कुठलं प्रिमाइस खोटं आहे ते आधी सांगायचं, फॅलसीचं नाव नंतर. आणि काका, तुम्ही हे वाचणार हे माहितीये मला. "घरातलं बाहेर नको बाळा" म्हणायला मला फोन करू नका. आत्याला करा, आणि सातबारा समोर ठेवून बोला.