ट्रायटन, बुलेट आणि फ्रेमचं काम : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

ट्रायटनवरच्या माझ्या लेखावर तुम्ही एवढी सविस्तर प्रतिक्रिया दिलीत, तीही उभी हयात गॅरेजमध्ये काढलेल्या माणसाच्या अधिकाराने. तिला दोन ओळींचं उत्तर शोभणार नाही, म्हणून इथे सवडीने लिहितो. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी तिचं सार असं. नॉर्टन या ब्रिटिश मोटरसायकलच्या फ्रेममध्ये ट्रायम्फ या दुसऱ्या ब्रिटिश मोटरसायकलचं इंजिन बसवून केलेली ट्रायटन म्हणजे दोन चांगल्या गाड्यांचा बळी. कंपनीने फ्रेम आणि इंजिन एकमेकांसाठीच केलेली असतात, त्यांची ताटातूट करणं ही कारागिरी नव्हे. आणि असले लेख वाचून आपली पोरं उद्या बुलेटमध्ये पंपाचं डिझेल इंजिन बसवायला निघतील. तशी एक गाडी डाउन ट्यूबला, म्हणजे फ्रेमच्या पुढून खाली येणाऱ्या नळीला, तडा जाऊन तुमच्याकडे आली होती.

बुलेटबद्दलची तुमची भीती रास्त आहे. पण तिचं कारण तुम्ही जे देता ते मला पटत नाही, आणि कारण चुकलं की उपायही चुकतो. त्यामुळे आधी फ्रेमबद्दल बोलू.

बेलफास्टच्या रेक्स मॅककँडलेसने जी फेदरबेड फ्रेम बनवली, ती नॉर्टनच्या रेसिंग संघाने १९५० मध्ये वापरायला घेतली. त्या वर्षी आइल ऑफ मॅन बेटावरच्या सीनियर टीटी या शर्यतीत पहिले तिन्ही नंबर नॉर्टनचे आले, जेफ ड्यूक पहिला. या फ्रेमची रचना डोळ्यांसमोर आणा. नळीची दोन पूर्ण कडी शेजारी शेजारी. इंजिनच्या वरून, पुढून आणि खालून फिरून मागे जाऊन मिळणारी, आणि स्टेअरिंग हेडपाशी, म्हणजे हँडल जिथे फिरतं त्या नळीपाशी, एकमेकींना छेदणारी. इंजिन काढून घेतलं तरी ही चौकट बंदच राहते. हेडपासून स्विंग आर्मच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याच्या) बोल्टपर्यंतचा भार नळ्याच वाहतात, इंजिन फक्त आत बसलेलं असतं.

याचा पुरावा खुद्द नॉर्टननेच दिला आहे. याच फ्रेममध्ये त्यांनी आपल्या मँक्स या रेसिंग गाडीचं एक सिलिंडरचं इंजिन चालवलं आणि डॉमिनेटर या गाडीचं जोड सिलिंडरचंही. पुढे १९६७ मध्ये त्याच घराण्याने ॲटलसचं ७५० सीसी इंजिन मॅचलेसच्या स्क्रँबलर फ्रेममध्ये बसवून ‘पी ११’ नावाने विकायला काढलं. म्हणजे एका फ्रेममध्ये दुसरं इंजिन बसवण्याचं काम कारखान्याने स्वतः केलं, छापील किमतीला विकलं, आणि गिऱ्हाइकांनी ते घेतलं. मग तेच काम लंडनच्या एखाद्या गल्लीतल्या फिटरने केलं की पाप कसं?

आता बळी गेलेल्या दोन गाड्यांविषयी. त्या काळी इंग्लंडात ५०० सीसीच्या छोट्या रेसिंग मोटारी जोरात होत्या आणि त्यांच्या मालकांना मँक्सचं इंजिन हवं असायचं. नॉर्टन सुटं इंजिन देत नसे, त्यामुळे लोक अख्खी मोटरसायकल घेत, इंजिन काढून मोटारीत घालत आणि उरलेली फ्रेम विकून टाकत. ट्रायटनची गोष्ट सुरू होते ती अशा पोरक्या फ्रेमपासून. ट्रायम्फच्या बाबतीत उलटं. एडवर्ड टर्नर या त्यांच्या डिझायनरचं, १९३७ च्या स्पीड ट्विन या गाडीपासून चालत आलेलं जोड इंजिन हलकं, तेज आणि सुटे भाग कुठेही मिळणारं; पण ट्रायम्फच्या फ्रेमा वळणावर डोलत. एकाकडे पाय होते, दुसऱ्याकडे छाती. आज मात्र कुणी धडधाकट डॉमिनेटर मोडून ट्रायटन करायला निघाला, तर मीही तुमच्याइतकाच कडाडून विरोध करेन. सुटी फ्रेम मिळाली तरच करावं.

तुम्ही लिहिता, “ही कारागिरी नव्हे”. हे वाक्य मला लागलं, कारण माझ्या मते कारागिरी आहे ती इथेच. १९६२ पर्यंतच्या ट्रायम्फ ६५० मध्ये इंजिन वेगळं, गिअरबॉक्स वेगळा. फेदरबेडमध्ये दोन्ही धरतात त्या जाड ॲल्युमिनियमच्या प्लेटा, आणि त्या प्लेटांची भोकं कुठे पडली यावर सगळी गाडी अवलंबून असते. इंजिन बोटभर पुढे बसलं की पुढच्या चाकावरचं वजन बदलतं. वर राहिलं तर टाकीला लागतं, खाली गेलं तर वळणावर एक्झॉस्ट रस्त्याला घासतो. मग चेन लाइन, म्हणजे चेन सरळ रेषेत धावते का ते. इंजिनचं स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक) आणि क्लचचं स्प्रॉकेट एका पातळीत आहेत का, हे सरळ पट्टी दोन्हींच्या तोंडावर टेकवून बघायचं. पट्टीमागून उजेड दिसला की थांबायचं, वॉशर घालायचा किंवा प्लेट परत खराद्यावर न्यायची. दोन मिलिमीटरचा फरक डोळ्याला दिसत नाही, पण चेन दातांच्या कडेला घासत राहते आणि हजार-दोन हजार किलोमीटरमध्ये स्प्रॉकेटचे दात एका बाजूने चमकू लागतात. तुम्ही असे दात हातात घेऊन पाहिले असतील. इंजिनपासून क्लचपर्यंतची ही प्रायमरी चेन जमली की मागच्या चेनला हीच परीक्षा.

त्यात ट्रायम्फचे दोन्ही पिस्टन एकाच वेळी वर जातात आणि एकाच वेळी खाली येतात, त्यामुळे हादरे एक सिलिंडरच्या जातीचे. सिलिंडर हेडपासून फ्रेमपर्यंत पक्की हेड स्टेडी, म्हणजे आधाराची पट्टी, लावली नाही, तर प्लेटांचे बोल्ट कितीही आवळा, ढिले होणारच. हे सगळं जमलं की काय होतं, ते डेव्ह डेगेन्स या ब्रिटिश रेसर-कारागिराने दाखवलं. त्याच्या ड्रेस्डा वर्कशॉपची ट्रायटन घेऊन तो आणि रेक्स बुचर १९६५ मध्ये बार्सिलोनाची २४ तासांची शर्यत जिंकले, माँटजुइकच्या चढ-उताराच्या रस्त्यावर. जोड चुकीची असती, तर ती गाडी रात्रीच कुठेतरी प्लेट मोडून उभी राहिली असती.

आता आपली बुलेट. जुन्या कास्ट आयर्न बुलेटचं इंजिन उतरवून स्टँडवरची फ्रेम बघा. पुढची एकच डाउन ट्यूब खाली येते आणि टोकाशी अधांतरी राहते. तिला मागच्या भागाशी जोडणारी नळीच नाही. ते काम क्रँककेस, म्हणजे इंजिनचं खालचं कवच, करतो. गिअरबॉक्सही क्रँककेसच्या पाठीलाच बोल्टने कसलेला. म्हणजे बुलेटचं इंजिन हा फ्रेमचाच एक तुकडा आहे. तुमचं “एकमेकांसाठी केलेली” इथे अक्षरशः लागू पडतं आणि फेदरबेडला लागू पडत नाही. माझं सगळं म्हणणं एवढ्यावर उभं आहे.

पंपाचं डिझेल इंजिन तळाच्या पायांवर सिमेंटच्या कट्ट्यावर बसण्यासाठी ओतलेलं असतं. पुढून-मागून ताण सोसायला त्याचा केस बनवलेलाच नसतो. त्याचं कॉम्प्रेशन जुन्या पेट्रोल बुलेटच्या दुपटीहून जास्त, त्यामुळे प्रत्येक धक्का तेवढाच दणकट. डाउन ट्यूबच्या टोकाला नुसत्या दोन पट्ट्या वेल्ड करून ते टांगलं, तर तडा जाणारच. जायचा कधी, एवढाच प्रश्न. करायचंच असेल तर आधी इंजिनखालून पूर्ण पाळणा बांधावा, पुढच्या नळीपासून स्विंग आर्मपर्यंत, आणि गिअरबॉक्सला त्याची स्वतःची प्लेट द्यावी. एवढं करून हाती काय येतं तेही बघा. कंपनीची स्वतःची डिझेल बुलेट, टॉरस, हिच्यात ग्रीव्ह्ज लोम्बार्डिनीचं ३२५ सीसीचं इंजिन होतं, साडेसहा हॉर्सपॉवरचं. पेट्रोल ३५० चे होते १८. कमी तेलात ओझं वाहायला ती ठीक होती. हौसेखातर चांगली बुलेट मोडून तिथे पोचण्यात मला अर्थ दिसत नाही.

कायद्याचंही सांगतो, कारण पोरं वाचतात हे तुमचं म्हणणं खरं आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने ठरवलेल्या आणि आरसी बुकात नोंदलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्यासाठी मालकाला शिक्षाही आहे. पेट्रोलच्या बुलेटमध्ये पंपाचं इंजिन बसवून ती रस्त्यावर आणणं कायद्यात बसत नाही. माझ्या लेखातली गाडी ब्रिटनमधली होती. तिथे इंजिन बदलल्याचं परिवहन खात्याला कळवून नोंदणीपत्रात नवा इंजिन नंबर चढवून घेतात.

तुमच्याकडून मला एक गोष्ट हवी आहे. त्या डिझेल बुलेटच्या डाउन ट्यूबला तडा नेमका कुठे गेला होता? वेल्डच्या अगदी कडेला असेल, तर नळी तापून तिथे कमजोर झाली असावी. पण वर स्टेअरिंग हेडच्या लगजवळ (नळ्यांच्या सांध्याजवळ) असेल, तर खालची चौकट उघडी राहिल्यामुळे सगळा ताण वर चढला, असं मी म्हणेन. आठवत असेल तर खाली लिहा, फोटो असेल तर फारच उत्तम.