एका ताऱ्याच्या अभिप्रायाला दुकानाकडून उत्तर: स्नोशूचा साइज आणि वजनकाटा

नमस्कार साहेब,

आपला अभिप्राय वाचला. परदेशी जाऊन सुट्टीचा विरस झाला, मेहुण्यांसमोर अवघडल्यासारखं झालं, याबद्दल मनापासून दिलगीर आहोत. काउंटरवरच्या मुलाचं बोलणं आपल्याला तुटक वाटलं, त्याबद्दलही क्षमस्व. त्याला सांगितलं आहे.

आता बाकीचं. आपण लिहिलंय की अमेरिकेत, मिनेसोटात मेहुण्यांबरोबर सशांच्या शिकारीला गेलो, इथून भाड्याने नेलेल्या २५ इंची स्नोशूंवर (बर्फात रुतू नये म्हणून बुटाखाली बांधायच्या लांबरुंद चौकटी) गुडघ्यापर्यंत रुतलो, एक पट्टी तुटली, आवाजाने ससे पळाले, आणि परत आल्यावर डिपॉझिटमधून पैसे कापले. शिवाय, "माझ्या बुटाचा नंबर नऊ आहे हे स्पष्ट सांगूनही चार लोकांसमोर वजनकाट्यावर चढायला सांगितलं, हा ग्राहकाचा अपमान आहे. पुणेरी दुकानदारी!"

रुतण्याचं, पट्टीचं, पैशांचं एक वेळ ठीक आहे. काट्याचं वाक्य मात्र लागलं. पुण्यात बर्फाचं सामान भाड्याने देण्याचा धंदा वर्षातून चार महिने चालतो, आणि तो लोकांच्या शिफारशीवरच चालतो. ते वाक्य वाचून पुढचा माणूस दारातूनच परत फिरेल. म्हणून लांबण लागली तरी लिहितो.

स्नोशूचा साइज बुटाच्या नंबरावर ठरत नाही, उंचीवरही नाही. तो ठरतो त्याच्यावर पडणाऱ्या एकूण भारावर आणि खालच्या बर्फावर. ज्या सशाच्या मागे आपण गेलात त्याचंच बघा ना. वजन जेमतेम दीड किलो आणि मागचे पाय अंगाच्या मानाने भलेमोठे, केसाळ. म्हणून तो वर राहतो आणि आपण खाली जातो. तिकडचे जुने शिकारी एक ठोकताळा वापरतात, तो अजून चुकीचा ठरलेला नाही: दर पौंड भाराला एका स्नोशूची साधारण एक चौरस इंच जागा. एकाच स्नोशूची, कारण चालताना सगळा भार आळीपाळीने एकाच पायावर येतो.

हा हिशेब ७५ किलोच्या माणसाचा करून दाखवतो. (फॉर्मवर आपण स्वतःच्या हाताने जो आकडा लिहिलात तो इथे लिहीत नाही. तेवढी मर्यादा आम्ही पाळतो.) उणे वीस तापमानातले कपडे आणि फेल्टचं (दाबलेल्या लोकरीचं) अस्तर असलेले जाड बूट मिळून सहा किलो. पाठीवरची बॅग, त्यात थर्मास, जेवण, जादा मोजे आणि काडतुसं, सात किलो. बंदूक साडेतीन. झाले साडेएक्याण्णव किलो, म्हणजे दोनशे पौंडांच्या जरा वर. दोन ससे मिळाले तर आणखी तीन किलो, आणि ते मिळतात दिवसाच्या शेवटी, पाय थकल्यावर. आठ इंच रुंद, २५ इंच लांब स्नोशूचा नुसता गुणाकार दोनशे येतो खरा, पण पुढून-मागून तो गोल आणि निमुळता असतो, मधे पंजासाठी भोक असतं. हातात येते ती जागा त्याहून बरीच कमी. म्हणजे घरच्या काट्यावर पंचाहत्तर भरणारा माणूससुद्धा शिकारीच्या दिवशी २५ इंचीच्या मर्यादेवर किंवा पलीकडे उभा असतो. त्यात आकडा "अंदाजे" लिहिलेला असेल, कॉलेजच्या काळातला असेल, तर विचारायलाच नको.

कंपन्यांचे तक्ते एकमेकांशी तंतोतंत जुळत नाहीत, पण ढोबळमानाने २५ इंची जोड नव्वद किलोपर्यंत, ३० इंची एकशे दहापर्यंत आणि त्यापुढे ३६ इंची. हा आकडा सामानासकटचा असतो, आणि नव्याण्णव टक्के लोक तो फक्त शरीराच्या वजनाचा समजतात. म्हणूनच काटा आहे, म्हणूनच त्यावर बॅगेसकट उभं राहायला सांगतो, आणि म्हणूनच भिंतीवर पाटी आहे: "वजन केल्याशिवाय स्नोशू मिळणार नाहीत. सांगितलेले वजन धरले जाणार नाही." आपण त्या पाटीचा फोटो अभिप्रायाबरोबर टाकला आहे. बरं झालं, सगळ्यांना वाचता येईल.

आपण काट्यावर चढला नाहीत. दुपारी एकला दहा मिनिटं असताना आलात, गाडी शेजारच्या सोसायटीच्या गेटसमोर होती, वॉचमन दोनदा येऊन गेला. "लिहून घ्या हो, मला माझं वजन माहीत आहे," असं म्हणालात. मुलाने लिहून घेतलं. पाटी लावायची आणि ती पाळायची नाही, हा त्याचा दोष धरायचा तर धरा. फॉर्मवर "प्रवासाचा हेतू" या रकान्यात आपण "फिरणे" लिहिलंत. शिकार हा शब्द त्या दिवशी दुकानात निघाला नाही.

त्या एका शब्दाने साइज बदलतो. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे शिकारीचा प्रश्नच उरलेला नाही, त्यामुळे आमचं गिऱ्हाईक गुलमर्ग, औली, स्पिती, केदारकांठा इथलं. तिथे बहुतेकांना मळलेल्या वाटेवर चालायचं असतं. पुढच्या पन्नास माणसांनी तुडवलेल्या बर्फावर स्नोशूची गरजही नसते, गेटर (बुटात बर्फ जाऊ नये म्हणून पोटरीवर चढवायचं आवरण) आणि मायक्रोस्पाइक (बुटावर चढवायचे छोटे खिळे) पुरतात, आणि स्नोशू मागायला आलेल्या कित्येकांना आम्ही हेच सांगून कमी भाड्यात पाठवतो. "फिरणे" म्हटल्यावर २५ इंची जोड योग्यच होती. शिकारी वाट सोडून चालतो. स्प्रूस, सीडर, आल्डरच्या गचपणात ऊन पोचत नाही, वारा पोचत नाही, त्यामुळे बर्फ दबत नाही. ताज्या कोरड्या बर्फाच्या एका घनमीटरचं वजन पन्नास ते शंभर किलो असतं. वाऱ्याने दाबलेला जुना बर्फ तीनशेच्या पुढे जातो. एकाच माणसाला, त्याच भाराला, उघड्या गोठलेल्या तळ्यावर २५ इंची चालेल आणि काठच्या झाडीत शिरल्याबरोबर ३० इंची लागेल.

मग सगळ्यांना ३६ इंचीच का देत नाही, असंही आपण विचारलंय. कारण झाडीत लांब स्नोशू म्हणजे शिक्षा. शेपूट फांदीत अडकतं, वळताना एका स्नोशूवर दुसरा पडतो आणि हातात भरलेली बंदूक असताना माणूस तोंडावर आपटतो. रुंद स्नोशूत पाय फाकवून चालावं लागतं, संध्याकाळपर्यंत कंबर आणि मांड्यांचे सांधे बोलायला लागतात. जो साइज आपल्याला तोलेल त्यातला सर्वांत लहान घ्यायचा, हा नियम. लाकडी स्नोशूंतसुद्धा म्हणूनच झाडीसाठी बिनशेपटीचा, अंडाकृती "बेअरपॉ" आणि मोकळ्या माळावर खोल बर्फासाठी लांब, पुढून वर वळलेला "अलास्कन" असे वेगळे घाट झाले.

शिकारीचं कळलं असतं तर आम्ही २२ इंची, कडक प्लॅस्टिकच्या डेकचा (डेक म्हणजे चौकटीतला पाय तोलणारा पृष्ठभाग), मागे सहा इंची जोडशेपटी लागणारा जोड पुढे केला असता. गचपणात जिथे वळता येत नाही तिथे शेपटी काढून बॅगेला अडकवायची, बर्फ खोल असेल तिथे लावायची. पण त्याचा आवाज जास्त, हेही सांगितलं असतं. आवाजावरून आठवलं: आपण नेलेला जोड ॲल्युमिनियमच्या फ्रेमचा आणि मऊ कापडी डेकचा होता, तो प्लॅस्टिकपेक्षा शांत. लाकूड आणि चामड्याच्या वादीचा त्याहून शांत, पण ओल्या हवेत वादी भिजून सैल पडते आणि उंदीर ती खातात, म्हणून आम्ही ठेवत नाही. दुपारी वितळून रात्री गोठलेल्या बर्फावर जो कडक पापुद्रा धरतो, तो कोणत्याही स्नोशूखाली कुरकुरणारच. त्या दिवशी ससे पळाले याला आमचा इलाज नाही.

बुटाच्या नंबराचाही उपयोग आहे, पण तो बाइंडिंगपुरता, म्हणजे बूट स्नोशूला बांधणाऱ्या पट्ट्यांपुरता. आणि तिथेही नंबर नव्हे, प्रत्यक्ष बूट लागतो, कारण फेल्टचा नऊ नंबरी बूट बाहेरून साध्या अकरा नंबरी बुटाएवढा फुगीर असतो. चवड्याचा रुंद भाग बरोबर बाइंडिंगच्या बिजागरीवर यायला हवा. बूट फार पुढे सरकला तर प्रत्येक पावलाला टोक फ्रेमला धडकतं, मागे राहिला तर खालचे दाते बर्फात रुतत नाहीत. आम्ही घालायचे बूट घेऊन या म्हणालो होतो. आपण ऑफिसच्या बुटांत आला होतात, "तिकडे मेहुण्यांचे बूट घालणार" म्हणून.

पट्टी. तुटलेला तुकडा पाहिला. पट्टीवरच्या दात्यांच्या बाजूने ओढून तडकलेला आहे, झिजून नाही. असं सहसा एकाच कारणाने होतं. संध्याकाळी स्नोशू उबदार घरात घेतात, बर्फ वितळून पाणी बकलात शिरतं, सकाळी बाहेर नेले की ते गोठून त्याचा गोळा होतो आणि माणूस हातमोजे घालून जोर लावतो. थंडीत प्लॅस्टिक आधीच कडक झालेलं असतं. स्नोशू रात्री बाहेरच, पडवीत ठेवायचे, बर्फ झटकून. गरम स्नोशू तसेच बर्फावर टेकवले तर तळाला गोळे धरतात, ते वेगळंच. बकल गोठलं तर काठीच्या मुठीने हलके ठोकायचं, ओढायचं नाही. जोडाबरोबर दिलेल्या पिशवीत एक जादा वेबिंग (विणलेली नायलॉनची) पट्टी आणि चार प्लॅस्टिकचे टाय असतात. पिशवी सीलबंद परत आली.

गुडघाभर रुतण्याबद्दल एवढंच, की मोकळ्या ताज्या बर्फात योग्य साइजचा स्नोशूसुद्धा वीत-दीड वीत खाली जातोच. पृष्ठभागावरून तरंगत चालणं जाहिरातीत असतं. पुढे चालणारा जास्त रुततो, मागच्याला त्याने दाबलेली वाट मिळते. आपण लिहिलंय की मेहुणे आरामात चालत होते. ते मागे होते का?

पट्टीचे ४५० रुपये कापले, ते कंपनीच्या सुट्या भागाच्या दरानेच, आमचा नफा त्यात नाही. तरी आपला मान राखून ते परत करतो. ऑनलाइन नको, पावती दाखवून दुकानातून न्यावेत. भाडं परत करता येणार नाही. जोड पूर्ण मुदत आपल्याकडे होता. आणि भाडं महाग वाटलं असेल तर आम्ही तेव्हाच सांगितलं होतं की मिनेसोटातल्या काही स्टेट पार्कांत स्नोशू भाड्याने मिळतात, सामानाचे २३ किलो त्यात घालवू नका. आपण म्हणालात, तिथे जाऊन कोण शोधत बसणार.

सुधारणा करतो आहोत. काटा आतल्या बाजूला घेता येतो का, किंवा पडदा लावता येतो का, ते बघतो. जागा लहान आहे. फॉर्मवर "वाटेवर की वाट सोडून" असा रकाना पुढच्या छपाईत घालायचा विचार आहे. आपण एक तारा बदलावा असा आग्रह नाही. फक्त "अपमान" हा शब्द काढता आला तर बघा.

पुढच्या हिवाळ्यात पुन्हा जाणार असाल तर मेहुण्यांकडून बुटाची बाहेरची लांबी आणि रुंदी सेंटिमीटरमध्ये मागवून आणा, बॅग भरून आणा, आणि साडेबाराच्या आत या.

— दुकानमालक, टिळक रस्ता