एपीओई-४ म्हणजे अल्झायमरची खात्री नव्हे

'एपीओई-४ सापडलं की अल्झायमर होणारच' हे तुमच्या अल्झायमरवरच्या लेखातलं वाक्य कृपया दुरुस्त करा, वाचणारे उगाच धास्तावतील. एपीओई-४ (थोडक्यात ई-४) हा एपीओई या जनुकाचा एक प्रकार आहे. ई-४ ची एक प्रत (आई किंवा वडिलांकडून आलेली) असली तर धोका साधारण तिप्पट होतो आणि दोन असल्या तर ८ ते १२ पट, पण धोका वाढणं म्हणजे आजार ठरलेला नव्हे. ई-४ नसलेल्यांनाही अल्झायमर होतोच. जवळजवळ हमखास आजार आणणारे बदल वेगळे आहेत. ते एपीपी आणि प्रेसेनिलिन जनुकांत असतात, मोजक्याच घराण्यांत आढळतात आणि बहुधा पासष्टीच्या आतच लक्षणं दाखवतात.

एपीओई-४ शोधणाऱ्या जनुकीय चाचणीचा खरा उपयोग लेखात आलेलाच नाही. लेकानेमॅब हे अल्झायमरवरचं औषध सुरू करण्याआधी ती करायला हवी, कारण या औषधाने मेंदूला सूज येऊ शकते. रुग्णांवर झालेल्या या औषधाच्या मुख्य अभ्यासात ई-४ नसलेल्यांपैकी ५.४ टक्के, एक प्रत असलेल्यांपैकी १०.९ टक्के, तर दोन प्रती असलेल्यांपैकी तब्बल ३२.६ टक्के रुग्णांना ती आली. बहुतेकांना काहीच जाणवत नाही, एमआरआयमध्येच दिसते. म्हणून सुरुवातीच्या महिन्यांत ठरलेले एमआरआय चुकवू नयेत. आणखी एक, फार महत्त्वाचं: ही सूज कधीकधी पक्षाघातासारखी दिसते. अशा वेळी गुठळी विरघळवणारं इंजेक्शन दिलं तर मेंदूत जीवघेणा रक्तस्राव होऊ शकतो. त्यामुळे रुग्ण लेकानेमॅबवर असल्याची चिठ्ठी त्याच्या खिशात कायम असू द्या आणि कॅज्युअल्टीत पोचताच ती आधी दाखवा.