तव्यावरची येझदी

मोटारसायकल पंधरा वर्षांची झाली की तिची नोंदणी संपते. मग दर पाच वर्षांनी ‘अजून धडधाकट आहे’ असं दाखवून ती वाढवून घ्यायची. पन्नास वर्षं पुरी केली की मात्र २०२१ च्या नियमांप्रमाणे तीच गाडी ‘व्हिंटेज’ ठरू शकते आणि तिच्या नंबरात ‘व्हीए’ ही मानाची अक्षरं येतात. मधली पस्तीस वर्षं तिला कुत्रं विचारत नाही. माझी येझदी रोडकिंग १९८६ सालची. भंगारात जायला उशीर झालेला, वारसा व्हायला अवकाश. साठाव्या वर्षी मी बँकेतून बाहेर पडलो तेव्हा माझीही वर्गवारी हीच होती. म्हटलं, आपलं दोघांचं जमेल.

निवृत्तांसाठी ठाण्यात सोयींना तोटा नाही. सकाळी उपवनला फेरी, मग हास्यक्लब, संध्याकाळी तलावपाळी. पण हे सगळं सामुदायिक. सगळी नोकरी काउंटरच्या पलीकडच्या गर्दीकडे बघण्यात गेल्यावर मला हवा होता एक कोपरा, एक पान्हा आणि तोंड न उघडणारी संगत. पाचपाखाडीतल्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये येझदी ताडपत्रीखाली गप्प उभी होतीच. ताडपत्री काढली, बसायला पाट घेतला आणि पहिल्या नटाला पान्हा लावला.

गंजलेला नट सुटताना ‘कट्ट’ असा आवाज होतो. शेजारच्या खोलीतून बायकोने मारलेली हाक ज्यांना ऐकू येत नाही, त्या साठीच्या पुरुषांना हा आवाज तीन मजले ओलांडून ऐकू जातो. दुसरा नट सुटायच्या आत दोघे जण खाली आले. बनियनवर शर्ट चढवत, हात मागे बांधून, काही न बोलता उभे राहिले. मग त्यांतल्या एकांनी विचारलं, “प्लग बघितलात का?”

हा प्रश्न पुढे प्रत्येकाने विचारला. मी प्लग बघितला होता. प्लग बदललाही होता. पुढे इंजिन चेसिसमधून बाहेर आलं, हेड एकीकडे, ब्लॉक एकीकडे, पिस्टन वर्तमानपत्रावर उताणा पडलेला, तरी नवा आलेला माणूस त्या पसाऱ्याकडे नीट बघून म्हणायचा, “एकदा प्लग बघून घ्या. पुष्कळदा तिथेच असतं.”

शिवाय प्रत्येकाकडे कधीतरी येझदी होती. नसली तर मेव्हण्याकडे होती. आणि प्रत्येक जण तिच्यावरून कसारा घाट चढला होता, ट्रिपल सीट, तिसऱ्या गिअरवर. त्या काळात कसारा घाटात येझदीखेरीज दुसरं वाहन दिसत नसावं, आणि त्यांच्यापैकी एकाही गाडीवर तीनपेक्षा कमी माणसं नसावीत. या आठवणींना चहा लागतो. चहा वरून यायचा. आणणाऱ्या व्यक्तीचा चेहरा मी मुद्दाम बघायचो नाही.

चौथ्या मजल्यावरचा इंजिनिअरिंगचा मुलगा एकदा येऊन गाडीभोवती फिरला आणि हळूच म्हणाला, “काका, किक बसवायची राहिलीय.” झालं. येझदीत किक आणि गिअरचा दांडा एकच असतो. आत दाबून मागे उभा केला की किक, पुढे आडवा केला की गिअर. शिवाय त्या दांड्यावर पाय पडला की क्लच आपोआप सुटतो. एवढी साधी गोष्ट, पण ती पाच काकांनी एकाच वेळी, एकमेकांना दुरुस्त करत सांगितली. मुलगा माझी गाडी सोडून त्यांचाच व्हिडिओ काढत होता.

मग कमिटीची नोटीस लागली. पार्किंगमध्ये कोणीही व्यवसाय करू नये. नाव कोणाचंच नव्हतं, पण नोटीस येझदीच्या बरोब्बर वर चिकटवली होती. मीटिंगला मी पासबुक घेऊन गेलो. म्हटलं, व्यवसायात पैसे येतात. इथे नोंदी सगळ्या एकाच बाजूला आहेत. खजिनदारांनी पासबुक पानापानाने चाळलं, माझ्याकडे सहानुभूतीने पाहिलं आणि ‘हा व्यवसाय नाही’ असं इतिवृत्तात लिहून घ्यायला लावलं. तडजोड अशी निघाली की चेसिस खाली राहील, तेलकट कामं घरात होतील. तो ठराव एकमताने झाला, कारण माझी बायको मीटिंगला नव्हती. लिफ्ट चार माणसांची आहे. एक मी, उरलेले तीन इंजिन.

बंद गाडी दोन हात जागेत मावते. उघडलेली गाडी टूबीएचकेत मावत नाही. बाल्कनी भरली, मग डायनिंग टेबलाखालची जागा. सुटे नट, चाक्या, स्प्रिंगा मी श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांत घातल्या आणि वर नीट चिठ्ठ्या लावल्या. व्याही आले तेव्हा त्यांनी आम्रखंडाचा डबा मोठ्या आशेने उघडला. आत क्लचच्या स्प्रिंगा होत्या, ग्रीसमध्ये. रंग साधारण जुळत होता, एवढंच.

सुट्या भागांची वेगळीच कथा. ही गाडी म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातली. १९६१ पासून तिथे आधी जावा आणि मग येझदी निघाल्या, १९९६ ला कारखाना बंद पडला. २०२२ मध्ये येझदी हे नाव परत बाजारात आलं, पण ती पाण्याने थंड होणारी फोर-स्ट्रोक. माझीत पेट्रोलमध्येच तेल मिसळावं लागतं. नाव एक असून दोघींचा एक नट एकमेकींना लागत नाही. भाऊबंदकीत असं असतं.

तेव्हा मशीद बंदरला उतरून नागदेवी गाठायची. फास्ट लोकल तिथे थांबत नाही, म्हणजे ठाण्यापासून स्लोने, मांडीवर पिशवी, पिशवीत कागदात गुंडाळलेला ऑइल सील. कारण दुकानदार तोंडी वर्णनावर विश्वास ठेवत नाही. “अंकल, नमूना लाये?” नमुना बोटांत फिरवून तो सांगतो की माल तीन प्रकारचा आहे: ओरिजिनल, डुप्लिकेट आणि ‘ओरिजिनल जैसा’. पहिला मिळत नाही, दुसरा टिकत नाही, तिसऱ्याची किंमत पहिल्याएवढी.

सायलेन्सर कुर्ल्याला मिळाले. येझदीला सिलिंडर एक आणि सायलेन्सर दोन, हा तिचा राजेशाही थाट. ते जुन्या धोतरात गुंडाळून, खांद्याला टेकवून मी डब्याच्या दारात उभा राहिलो. समोरच्या गृहस्थांनी वरपासून खालपर्यंत पाहिलं.

“तुतारी का? सभा कुठेय?”

“नाही हो, यातून फक्त धूर निघतो.”

“मग सभाच की,” ते म्हणाले आणि त्यांनी मला बसायला जागा दिली.

सिलिंडरचं बोअर करायला वागळे इस्टेट. तिथे आता लेथपेक्षा लॅपटॉप जास्त फिरतात, पण शोधून एक वर्कशॉप काढलं. उस्तादांनी मापं घेतली. मूळ पिस्टन पासष्ट मिलिमीटरचा. दरवेळी सिलिंडर थोडा कोरून त्यात किंचित मोठा पिस्टन घालतात, आणि माझा सिलिंडर आधीच बऱ्याचदा कोरून झालेला. “साहेब, आता एकच बोअर निघेल,” उस्ताद म्हणाले, “त्यानंतर यात पेनं ठेवा.” ही माहिती मी घरी सांगितली नाही. पेनस्टँडची सूचना हिला फार आवडली असती.

खरा प्रसंग बेअरिंगचा. क्रँककेस, म्हणजे इंजिनचं खालचं कवच, अॅल्युमिनियमची, आत बसणारं बेअरिंग पोलादाचं. अॅल्युमिनियम तापलं की पोलादापेक्षा जास्त पसरतं. म्हणून केस गरम करायची, बेअरिंग गार करायचं, की ते हातोडा न लावता आपल्या पायांनी आत जातं. विज्ञान इतकं सरळ आहे. बेअरिंग मी रात्रीच फ्रीझरमध्ये ठेवलं. सकाळी स्वयंपाकघरातून आवाज आला.

“अहो, मटारच्या पिशवीत हे काय आहे?”

“ते गार होतंय.”

“मटारही गारच होत होते.”

केस ओटीजीत मावेना. गॅसच्या नुसत्या ज्योतीवर एकाच जागी तापली तर वाकायची भीती. घरात सगळीकडे सारखी तापणारी एकच गोष्ट होती: बिडाचा तवा, हिच्या आईकडून आलेला, आंबोळ्यांचा. ही देवळात गेल्याचं बघून मी तवा चढवला, त्यावर केस ठेवली. चाळीस वर्षांपूर्वीचं तेल तापलं की जो वास सुटतो तो कोपिनेश्वरापर्यंत गेला असावा, कारण ही परत आली.

मला वाटलं, आता प्रकल्प संपला. हिने पिशवी खाली ठेवली. पदर खोचला. तव्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग वाटीतलं पाणी बोटांवर घेऊन केसवर शिंपडलं. थेंब नुसता पसरला.

“अजून नाही,” ही म्हणाली. “ज्योत बारीक करा. एवढ्या मोठ्या ज्योतीवर कोणी काही भाजतं का?”

थोड्या वेळाने पुन्हा शिंपडलं. चुर्र झालं, थेंब नाचून उडाला.

“आता. टाका पटकन.”

मी फ्रीझरमधलं बेअरिंग फडक्यात धरून वरून सोडलं. ‘टक्क’ करून ते तळाला बसलं, रेसभर फरक नाही. मेकॅनिक लोक ज्यासाठी ब्लो-टॉर्च आणि शिव्या वापरतात ते काम आंबोळीच्या अंदाजावर झालं. पुढची सगळी बेअरिंगं हिच्या देखरेखीखाली बसली. तवा मात्र मला स्वतंत्र नवा आणावा लागला. जुना आता ‘गाडीचा’ झाला. खालच्या काकांना हे कळल्यावर त्यांनी मला सल्ला देणं बंद केलं. ते थेट वर येऊन हिला विचारू लागले.

टाकी शेवटी घेतली. आत गंजाची पापुद्री सुटलेली. हल्लीच्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं. ते हवेतलं पाणी ओढतं आणि जुनं रबर फुगवतं. ठाण्याच्या पावसाळ्यात हवेतल्या पाण्याची ददात नाही. म्हणून पाइप नवा घातला आणि टाकीत मूठभर नट, थोडं डिझेल ओतून ती हॉलमध्ये हलवायला घेतली. दोन्ही हातांनी, तालात, कारण तालाशिवाय दमायला होतं. तेवढ्यात खालच्या मजल्यावरून निरोप आला: गणपतीला अजून महिना आहे, आरतीची तालीम एवढ्यात कशाला? निरोप घेऊन आलेले काका थांबले, आणखी दोघे आले, टाकी आळीपाळीने फिरली. एकाने टाळ्यांचा ठेका धरला. एकांत हा शब्द मी तेव्हाच सोडून दिला.

गाडी सुरू करायचा रविवार कसा कोण जाणे, सगळ्या सोसायटीला आधीच ठाऊक होता. खुर्च्या खाली आल्या. नवा पिस्टन कोरडा चालू नये म्हणून मी पेट्रोलमध्ये टू-टी तेल सढळ हाताने घातलं होतं, जोडणीच्या वेळी आत ओतलेलं वेगळंच. कार्बोरेटरचा टिकलर दाबला, पेट्रोल ओघळलं, दांडा आत दाबून मागे उभा केला.

“प्लग बघितलात ना?” मागून आवाज आला.

पहिल्या किकांना गाडी नुसती शिंकली. मग एकदम धडाडली आणि दोन्ही सायलेन्सरमधून पांढरा धूर असा लोटला की पहिली खुर्ची दिसेनाशी झाली, मग दुसरी, मग कमिटी. वरच्या मजल्यांवर खिडक्या धडाधड लागल्या. कोणीतरी ओरडलं, “महापालिकेची फवारणी आली, भांडी झाका!” वॉचमन सवयीने गेट उघडायला धावला.

धुरापलीकडून, बी विंगच्या पहिल्या मजल्यावरून, एक तक्रारीचा सूर आला, “नेहमी ए विंगलाच का? इथे डास नाहीत काय?”

मी गाडी चालूच ठेवून ढकलत तिकडे नेली.